ठोके अनियमित असतील तर स्मरणशक्तीही घसरते का? आणि घसरली तर काय तपासावं?

उंबरठा
एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडून ठोके अनियमित होण्याचा आजार), यापुढे नुसतं एएफ म्हणू, असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी त्यासाठीच चालू होते. पण पक्षाघात कधीच झाला नाही, हातपाय आणि बोलणं ठणठणीत, आणि तरी पाच-सात वर्षांत माणूस मंदावतो, असंही दिसतं. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, बोलता बोलता शब्द अडतो. घरचे म्हणतात वय झालं. हृदयाचे डॉक्टर ईसीजी बघतात, मेंदूचे डॉक्टर एमआरआय बघतात, पण हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

माझं मत असं की अनियमित ठोके हे आकलन घसरण्याचं स्वतंत्र कारण आहे, पक्षाघाताच्या वाटेने येणारं तेवढंच नव्हे. २०१३ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात एएफ असणाऱ्यांत हा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाला. पक्षाघात झालेल्यांना वगळून पाहिलं तरी ३४ टक्क्यांनी जास्तच.

नेमकं बिघडतं काय, कोणत्या उपचाराने मेंदू वाचतो याचा पुरावा कितपत आहे, आणि घरात असा माणूस असेल तर तपासणीचा क्रम काय ठेवावा, यावर जाणकारांनी लिहावं.

अलिंद_निलय
चांगला विषय. बिघाड एका जागी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली वाट गुठळीची, पण मोठ्या नव्हे, बारीक गुठळीची. एएफमध्ये अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते, तिथे रक्त साचून राहतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये सुमारे ९० टक्के गुठळ्या याच पिशवीत होतात. मोठी गुठळी मेंदूत गेली तर तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, सगळ्यांना कळतं. बारीक गेली तर त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १,७३७ एएफ रुग्णांचे एमआरआय काढले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांना पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटकाही कधी आला नव्हता, त्यांतल्या १८ टक्क्यांच्या मेंदूत जुन्या मृत पेशींचे मोठे डाग सापडले. डाग असणाऱ्यांचे आकलन चाचणीतले गुणही कमी होते.

दुसरी वाट रक्तपुरवठ्याची. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीत हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण १५ टक्के वाटा तो घेतो. अलिंदाने शेवटी रक्त ढकललं नाही की निलय, म्हणजे खालचा कप्पा, पुरेसं भरत नाही. शिवाय दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं. अंतर कमी पडलं की तो ठोका अर्धवट भरलेल्या निलयाचा, म्हणजे कमी रक्ताचा. मेंदूच्या आतल्या भागात, पांढऱ्या द्रव्यात, लांब आणि बारीक धमन्या असतात. त्यांना पर्यायी पुरवठा फारसा नसतो, त्यामुळे हे वर-खाली होणं तिथे जास्त भोवतं.

तिसरी वाट बारीक रक्तस्रावांची. ती बहुतेक वेळा उच्च रक्तदाबाच्या संगतीने येते.

मध्यमा
वाचतेय. खुर्ची पुढे ओढून घेतली आहे.

संख्यारेखा
@उंबरठा, आकडे बरोबर आहेत, पण ‘स्वतंत्र कारण’ या शब्दाला माझी हरकत आहे.

एएफ ज्यांना होतो त्यांनाच उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणे, हृदय कमकुवत होणे हे सगळं जास्त असतं. यातली प्रत्येक गोष्ट मेंदूलाही पोखरते. संख्याशास्त्राने हे घटक वजा करता येतात, पण ज्याची नोंद झाली तेवढंच वजा होतं. वीस वर्षं रक्तदाब कसा होता हे एका मोजणीवरून कळत नाही.

मग तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता? माझ्या मते रॉटरडॅमचा अभ्यास. ६,५१४ माणसं, निष्कर्ष २०१५ चे. स्मृतिभ्रंशाचा धोका एकंदर ३३ टक्क्यांनी जास्त, पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ६७ पेक्षा कमी वयाच्या लोकांत जितका जास्त काळ एएफ, तितका धोका जास्त. त्याहून मोठ्या वयात हे नातं दिसलं नाही. ‘जितका काळ तितकी हानी’ असा चढ दिसतो तेव्हा कारण-परिणामाचा संशय बळावतो. पण संशयच, सिद्धता नव्हे.

उंबरठा
@संख्यारेखा, हरकत मान्य. ‘स्वतंत्र’ शब्द मागे घेतो, ‘पक्षाघाताशिवायही’ असं वाचावं. पण आइसलँडच्या अभ्यासात कायम एएफमध्ये असणाऱ्यांचा मेंदूकडचा रक्तप्रवाह कमी मोजला गेला, आणि विजेचा झटका देऊन ठोके नियमित झाल्यावर तो सुधारला. तीच माणसं, तोच रक्तदाबाचा इतिहास, बदलला फक्त ताल. हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

संख्यारेखा
प्रवाह सुधारला हे मान्य. प्रवाह सुधारल्याने दहा वर्षांनी स्मृतिभ्रंश टळला, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. मधली पायरी आणि शेवटची पायरी यांत गल्लत नको, एवढंच.

तिसरा_प्रहर
उपचाराच्या पुराव्यावर लिहितो, कारण इथे अपेक्षा फार फुगवल्या जातात.

स्वीडनच्या नोंदवहीतल्या ४,४४,१०६ एएफ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. गुठळीविरोधी औषध सुरुवातीपासून घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश २९ टक्क्यांनी कमी. आकडा घसघशीत आहे. पण ज्याची स्मृती आधीच ढासळू लागली आहे, जो पडतो, ज्याच्याजवळ गोळी द्यायला कुणी नाही, त्याला डॉक्टर हे औषध देताना कचरतात. म्हणजे औषध न घेणाऱ्यांच्या गटात आधीपासूनच कमजोर माणसं जास्त.

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी चाचणी हवी होती. ती कॅनडात झाली, नाव ब्रेन-एएफ, निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. पक्षाघाताचा धोका कमी असलेले सुमारे बाराशे एएफ रुग्ण, अर्ध्यांना रिव्हारोक्सॅबॅन ही गुठळीविरोधी गोळी १५ मिलिग्रॅम, अर्ध्यांना निष्क्रिय गोळी. आकलन घसरण्यात काहीच फरक दिसला नाही आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

ताल नियमित ठेवण्याचंही तसंच. ईस्ट-एएफनेट ४ या २०२० च्या चाचणीत २,७८९ रुग्णांत लवकर ताल सुधारल्याने हृदयाचे गंभीर प्रसंग आणि पक्षाघात कमी झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण दोन वर्षांनंतर आकलन चाचणीत दोन्ही गट सारखेच.

अलिंद_निलय
@तिसरा_प्रहर, ब्रेन-एएफ कुणावर झाली ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा उद्यापासून गोळी बंद करेल. त्यात ३० ते ६२ वयाची माणसं होती, सरासरी वय ५३, आणि पाठपुरावा चार वर्षांहून कमी. या लोकांना पक्षाघात टाळण्यासाठी गोळीची गरजच नव्हती. ‘फक्त मेंदूसाठी गोळी द्यावी का?’ एवढाच तो प्रश्न होता आणि उत्तर ‘नाही’ आलं. पंचाहत्तरीच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या माणसाला गोळी पक्षाघात टाळण्यासाठीच हवी. आणि एका पक्षाघाताने मेंदूचं जेवढं नुकसान होतं तेवढं एएफ स्वतः वर्षानुवर्षं करत नाही.

दुसरीकडे, गोळी म्हणजे पूर्ण कवच असंही नाही. त्याच स्विस रुग्णांचा दोन वर्षांनी पुन्हा एमआरआय केला तेव्हा ५.५ टक्क्यांमध्ये नवे डाग होते. त्यातले बहुतेक गुपचूप झालेले, आणि बहुतेक जण गोळीवरच होते.

तिसरा_प्रहर
बरोबर, ती ओळ राहून गेली. चालू गोळी कुणीही स्वतःहून बंद करू नये.

रक्तदाबाचं मात्र जरूर लिहा कुणीतरी. स्प्रिंट चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य होतं. त्यात सौम्य आकलनदोष १९ टक्क्यांनी कमी झाला, जरी स्मृतिभ्रंश कमी झाल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही. चाचणी एएफच्या रुग्णांपुरती नव्हती, पण मेंदूसाठी चिठ्ठी-पद्धतीचा इतका पुरावा दुसऱ्या कशालाच नाही.

औषधपेटी
गोळी चालू आहे म्हणजे काम होतंय असं नाही. मात्रा चुकते आणि ती चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गुठळीविरोधी नव्या गोळ्यांबाबत नेहमी दिसणाऱ्या चुका लिहिते.

अपिक्सॅबॅन: नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. २.५ वर आणायची तर वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी हव्यात. ‘वयस्कर आहेत, जपून देऊ’ म्हणून एकाच कारणावर मात्रा अर्धी करणं ही सर्रास होणारी चूक. रक्तस्रावाचा धोका फारसा घटत नाही, गुठळीपासूनचं संरक्षण मात्र कमी होतं.

रिव्हारोक्सॅबॅन: २० मिलिग्रॅम एकदाच, भरपेट जेवणासोबत. उपाशीपोटी घेतली तर सुमारे दोन तृतीयांशच अंगी लागते. सकाळी रिकाम्या पोटी इतर गोळ्यांबरोबर घेणारे खूप.

डॅबिगॅट्रान: कॅप्सूल उघडून पूड करून देऊ नये, औषध एकदम ७५ टक्क्यांनी जास्त शोषलं जातं. गिळायला त्रास होणाऱ्यांना ही पसंती चुकीची. दमट हवेत बिघडते, म्हणून मूळ पाकिटातच ठेवायची.

आता मूत्रपिंड. अहवालात क्रिएटिनिन १.१ आलं की ‘नॉर्मल’ म्हणून पान उलटतात. ८२ वर्षांच्या, ५४ किलोच्या बाईंचं गणित करा. १४० वजा वय ८२ म्हणजे ५८. गुणिले वजन ५४, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन १.१), येतं ३९.५. स्त्री असल्याने गुणिले ०.८५, म्हणजे साधारण ३४. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३४ मिलिलीटर प्रति मिनिट! ६० किंवा त्याहून कमी असेल तर त्या आकड्याला १० ने भागा, तितक्या महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. या बाईंची दर तीन महिन्यांनी.

आणि संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली असेल, किंवा धातूची झडप बसवली असेल, तर या नव्या गोळ्या चालत नाहीत. तिथे वॉरफॅरिन ही जुनी गोळीच. २०२२ ची इन्व्हिक्टस चाचणी नेमकी संधिवातजन्य झडपेच्या एएफवर होती आणि तीत वॉरफॅरिनसारखी जुनी औषधंच सरस ठरली.

मध्यमा
औषधपेटीताई, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

एक शंका. मनगटावरचं घड्याळ ‘ठोके अनियमित’ म्हणून सांगतं, त्यावर कितपत विसंबावं?

संख्यारेखा
संशयासाठी उत्तम, निदानासाठी नाही. हिरव्या दिव्याने त्वचेखालच्या रक्ताची चढउतार मोजणारं घड्याळ ताल अंदाजाने सांगतं. अॅपल हार्ट स्टडीत चार लाखांहून जास्त लोक होते. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत एएफ सापडला. एएफ ये-जा करणारा असतो, त्यामुळे उरलेल्यांना नव्हताच असंही म्हणता येत नाही. निदानाला ईसीजीच लागतो; एकाच लीडचा असेल तर किमान ३० सेकंदांची नोंद हवी.

अलिंद_निलय
घड्याळ नसलं तरी बोटं आहेतच. तर्जनी, मधलं आणि अनामिका अंगठ्याच्या मुळाशी ठेवा, अंगठ्याने नाडी बघू नका. पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चौपट करू नका, एएफमध्ये ते हमखास चुकतं. अधूनमधून एखादा ठोका चुकून पुन्हा ताल धरला तर ते बहुतेक वेळा आगाऊ ठोके असतात. एएफमध्ये ताल धरताच येत नाही, प्रत्येक अंतर वेगळं.

दोघं असाल तर एकाने स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके मोजावेत, दुसऱ्याने त्याच मिनिटात नाडी. छातीवर ११२ आणि मनगटावर ९४ म्हणजे १८ ठोके इतके दुबळे की मनगटापर्यंत पोचलेच नाहीत. दहाच्या वर फरक असेल तर वेग काबूत नाही असं समजून डॉक्टरांना कळवा.

रक्तदाबही एएफमध्ये एका मोजणीवर ठरवू नका. पाच मिनिटं शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने तीनदा घ्या आणि सरासरी काढा. यंत्राने ‘एरर’ दाखवलं तर ते यंत्र बिघडल्याचं लक्षण असेलच असं नाही, तो ताल समजू न शकल्यानेही होतं.

पिंपळपान
आकलन तपासण्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. एएफच्या माणसाला नेहमीची ३० गुणांची जुनी चाचणी, एमएमएसई, दिली तर तो २८ मिळवून बाहेर येतो आणि घरचे निर्धास्त होतात. ती चाचणी प्रामुख्याने स्मृती, भाषा, तारीख-वार विचारते. एएफमध्ये आधी कमी होतो तो कामाचा वेग, लक्ष आणि आखणी. त्यासाठी मोका चाचणी बरी. तीही ३० गुणांची, साधारण दहा मिनिटं. २६ च्या खाली आलं तर पुढे बघायचं. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा, हे बरेचदा विसरतात. शाळा फार शिकलेली नसेल तर त्याच चाचणीची ‘बेसिक’ आवृत्ती वापरावी.

त्यातलं घड्याळ काढणं नीट बघा. माणसाला सांगतात: गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल छान येतो. आकडेही येतात. मग छोटा काटा ११ वर जातो आणि मोठा काटा सरळ १० वर. ‘दहा’ हा शब्द ऐकला आणि हात दहाच्या आकड्याकडे ओढला गेला. दहा मिनिटं म्हणजे काटा २ वर, हे त्याला माहीत आहे. विचारलं तर सांगेलही. समोर दिसणाऱ्या आकड्याचा मोह आवरून नियम वापरणं, हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि ते सैल झालेलं असतं. नुसती स्मृती तपासली असती तर हे हाती लागलं नसतं.

चाचणी कधी करू नये तेही सांगते. दवाखान्यात दाखल असताना, शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत, ताप असताना किंवा ठोके १४० वर धावत असताना नाही. तेव्हा येणारा आकडा त्या दिवसाचा असतो, माणसाचा नव्हे.

तिसरा_प्रहर
@पिंपळपान, +१. यात एक भर, मंद ठोक्यांची. सगळे एएफच्या मागे असतात आणि ३८ ची नाडी नजरेतून सुटते. हृदयाचा नैसर्गिक चालक थकला किंवा ठोक्याच्या विद्युत संकेताचं वहन अडलं तरी माणूस मंद, गोंधळलेला, झोपाळू दिसतो. काही जणांत एएफचा झटका थांबतो त्या क्षणी हृदय तीन सेकंद किंवा जास्त गप्प राहतं, आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीत) सापडलं नाही तर जास्त दिवसांची नोंद घ्यावी.

याला जोडून एक धोक्याची सूचना. स्मृतिभ्रंश ठरला की डोनेपेझिल हे त्यावरचं औषध सुरू होतं. ते ठोके मंद करतं. तोच माणूस एएफसाठी मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन अशा वेग कमी करणाऱ्या गोळीवर असेल तर दोन्ही मिळून नाडी चाळिशीत येते. माणूस पडतो, घरचे म्हणतात आजार वाढला. सुरू करण्याआधी ईसीजी, सुरू केल्यावर आणि मात्रा वाढवल्यावर पुन्हा नाडी व ईसीजी. गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर असतात, म्हणूनच हे होतं.

मध्यमा
पडण्याचा विषय निघालाच आहे तर: वारंवार तोल जाणाऱ्याला गुठळीची गोळी देणं धोक्याचं नाही का? त्याऐवजी अॅस्पिरिन?

औषधपेटी
अॅस्पिरिन नको. २०११ च्या अॅव्हेरोज चाचणीत अपिक्सॅबॅनने अॅस्पिरिनपेक्षा पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच राहिला. म्हणजे अॅस्पिरिनने संरक्षण कमी, धोका तेवढाच.

पडण्याबद्दल १९९९ सालचं एक गणित प्रसिद्ध आहे: डोक्यातल्या रक्तस्रावाची भीती वॉरफॅरिनच्या फायद्यावर मात करायला माणूस वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावा लागेल. ते गणितच आहे, प्रत्येकाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण ‘दोनदा पडले म्हणून गोळी बंद’ हे चूक आहे एवढं त्यातून कळतं. मात्र गोळीवर असलेला माणूस पडल्यानंतरच्या आठवड्यांत झोपाळू झाला, कधी बरा कधी गोंधळलेला वाटला, पाय ओढू लागला, तर स्मृतिभ्रंश समजून घरी बसवू नका. कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. त्याच दिवशी सीटी स्कॅन.

उंबरठा
मूळ तिसऱ्या प्रश्नावर परत येतो, तपासणीचा क्रम. आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून जुळवतो, चुकलं तर दुरुस्त करा.

बदल काही तासांत झाला असेल तर तो पक्षाघात समजून थेट रुग्णालय. काही दिवसांत किंवा आठवड्यांत झाला असेल तर आधी पडणं, संसर्ग, नवीन औषध आणि रक्तातलं सोडियम बघायचं. महिन्यांत-वर्षांत झाला असेल तर नाडी, ईसीजी, तीन मोजण्यांचा रक्तदाब, मूत्रपिंडाचं गणित, थायरॉइड, बी१२, मग मोका आणि शेवटी एमआरआय.

पिंपळपान
क्रम पटला. ऐकू येतं का आणि उदासीनता आहे का, हे मोकाच्या आधी घाला. प्रश्न नीट ऐकूच आला नाही तर गुण जाणारच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणंही विचारा.

अलिंद_निलय
थायरॉइडपुढे ‘अमिओडॅरोन’ (एएफमध्ये ताल नियमित ठेवण्याची गोळी) असं लिहून ठेवा. वजनाने त्याचा ३७ टक्के भाग आयोडीन, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखा दिसतो, आणि हे उलटवता येतं. ही गोळी चालू असेल तर दर सहा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी.

औषधपेटी
माझ्याकडून शेवटची भर, कारण सगळं इथेच अडतं. आखणी सैल झाली की पहिली चुकते ती गोळी. या नव्या गोळ्यांचा असर साधारण १२ तासांत निम्मा होतो. दिवसभर राहून गेली तर संरक्षण जवळपास संपलं. आकलन घसरतं म्हणून गोळी चुकते, गोळी चुकते म्हणून गुठळी, गुठळीने आकलन आणखी घसरतं.

म्हणून मोकात गुण कमी आले की त्याच भेटीत विचारायचं: गोळी कोण देतं? ‘तेच घेतात’ असं उत्तर आलं तर गेल्या महिन्याची रिकामी पाकिटं मोजा. साठ गोळ्यांपैकी किती उरल्या, त्यावरून खरं कळतं. सात दिवसांची कप्प्यांची डबी चांगली, पण डॅबिगॅट्रान तिच्यात ठेवता येत नाही. अशा माणसासाठी डॉक्टरांशी बोलून औषधच बदलून घ्यावं.

मध्यमा
एखादी वेळ चुकलीच तर?

औषधपेटी
दोन वेळांची गोळी असेल तर सहा तासांच्या आत, एका वेळेची असेल तर बारा तासांच्या आत आठवली तर घ्यायची. त्यानंतर ती सोडून पुढची वेळेवर. दोन एकदम कधीच नाही. घेतली की नाही हेच आठवत नसेल तर दोन वेळांच्या गोळीला पुढच्या वेळेपर्यंत थांबणं सुरक्षित.

आणि डबीच्या झाकणावर एक कागद चिकटवा: औषधाचं नाव, मात्रा, शेवटची गोळी किती वाजता घेतली. पक्षाघात झाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते देता येईल की नाही हे ठरवताना डॉक्टर पहिल्या काही प्रश्नांत ही वेळ विचारतात. माणूस स्वतः सांगू शकत नसतो, तेव्हा तो कागदच बोलतो.

उंबरठा
वेळेचा रकाना माझ्या यादीत नव्हता. यादी सुधारून सगळ्यात वर टाकतो.